पट्टा बदलताना हत्याराचं टोक बघा

घड्याळाचा पट्टा घरी बदलावा म्हणून ऑनलाइन शोधाशोध केली की सगळ्यात आधी समोर येतं ते काळ्या पाकिटातलं भलंमोठं किट. मागचं झाकण उघडायची पक्कड, सुरी, चार-पाच स्क्रू ड्रायव्हर, इवलीशी हातोडी, चिमटा, आणि हे सगळं एखाद्या बऱ्या चामडी पट्ट्याच्या किमतीत. वस्तू टाकू नका, दुरुस्त करा, असा आग्रह मी या सदरात धरत आलो आहे, तरीही सांगतो की हे किट घेऊ नका. पट्टा बदलायला त्यातलं एकच हत्यार लागतं आणि नेमकं तेच त्यात सर्वांत निकृष्ट असतं.

ते हत्यार म्हणजे स्प्रिंग बार टूल. पेनाएवढी दांडी, एका टोकाला खाच असलेला बारीक काटा आणि दुसऱ्या टोकाला सुईसारखी पिन. पट्टा केसला जिने अडकलेला असतो ती स्प्रिंग पिन म्हणजे आत स्प्रिंग असलेली पोकळ नळी. तिची टोकं दाबली की आत जातात आणि सोडली की केसच्या कानांमधल्या भोकांत जाऊन बसतात. टोकाजवळ तिला बारीकशी कड असते. काट्याच्या खाचेत ती कड धरायची, पिनेच्या मधल्या बाजूला रेटायची आणि त्याच वेळी पट्टा हलकेच बाहेर ओढायचा. एवढंच काम आहे.

पण हे काम होतं ते पट्टा आणि कान यांच्यातल्या फटीत. चामडं दाबलं जातं, त्यामुळे तिथे काटा थोडा जाड असला तरी निभतं. स्टीलच्या चेनची शेवटची कडी मात्र केसच्या वळणाला घट्ट भिडलेली असते. जाड काटा तिथे शिरत नाही, मग माणूस जोर लावतो, काटा सटकतो आणि कानावर चरा पडतो. चकचकीत पॉलिशवरचा असा चरा फडक्याने जात नाही, आणि पॉलिश करून घालवायचा तर केसच्या धारदार कडा गोल होतात.

म्हणून दांडीची चमक पाहू नका, टोक पाहा. काटा पातळ हवा, खाच नीट कापलेली हवी आणि पोलाद कडक हवं. स्वस्तातल्या टोकांचं पोलाद मऊ असतं, थोड्याच वापरात ती वाकतात. स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावच्या बर्जोन या १७९१ पासूनच्या कंपनीचं ६७६७-एफ हे टूल घड्याळजींच्या टेबलावर जगभर दिसतं. काटा बारीक, आणि टोक तुटलं तर तेवढंच बदलता येतं. ते महाग आहे. तेवढा खर्च नको असेल तर दुसऱ्या कुठल्याही कंपनीचं घ्या, पण टोक बदलता येणारंच घ्या. दोन्ही बाजू एकदम दाबणारा चिमटाही मिळतो. चेनसाठी तो फार सोयीचा, पण वारंवार पट्टे बदलणाऱ्यांनीच त्याच्यावर पैसे घालावेत.

खरेदीआधी हातातलं घड्याळ उलटसुलट करून पाहा. कानांना आरपार भोकं असतील तर बाहेरून सुईचं टोक दाबलं की पिन सुटते, काट्याची गरजच नाही. पट्ट्याच्या आतल्या बाजूला पिनेचा छोटा खटका असेल तर नखाने काम होतं. बऱ्याच स्मार्टवॉचचे पट्टे आता असेच येतात. कानांमधलं अंतर पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा: १८, २०, २२ ही नेहमीची मापं. पट्टा आणि पिन त्याच मापाची घ्या.

सध्या कपाटातलं आजोबांचं एचएमटी बाहेर काढून नवा पट्टा लावण्याची हौस पुष्कळ दिसते, आणि ती मला मनापासून आवडते. एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली, तेव्हा यातली काही घड्याळं पन्नाशी ओलांडलेली आहेत. त्या काळच्या कित्येक घड्याळांची केस पितळेची असते, वर क्रोमचा मुलामा. तिथे काटा घसरला तर खालचं पिवळं पितळ उघडं पडतं. कानांवर आधी चिकटपट्टी लावा. घामाने आणि दमट हवेने पिन भोकातच गंजली असेल तर तेलाचा थेंब सोडून रात्रभर थांबा. तरीही हलली नाही तर जोर करू नका. जुनी पिन पुन्हा वापरू नका, नवी काही रुपयांत मिळते. पट्टा बसवल्यावर टक् असा आवाज आला तरी दोन्ही बाजू हाताने ओढून बघा.

चेनच्या कड्या कमी करणं हे वेगळं प्रकरण आहे. आधी बकलाच्या बाजूला भोकांची रांग आहे का बघा. तिथली पिन एक-दोन भोकं सरकवून पुष्कळदा माप जमतं. नसेल तर कडीच्या आत बाण शोधा. बाण असेल तर पिन त्याच दिशेने ठोकून काढायची आणि उलट दिशेने घालायची. कडेला दिसणारी चीर म्हणजे स्क्रूच, असं धरून चालू नका, दुभंगलेल्या पिनेचं टोकही अगदी तसंच दिसतं. खरोखर स्क्रू असेल तर खाचेच्या रुंदीचंच पातं वापरा.

सेइकोच्या अनेक चेनमध्ये पिनेबरोबर मोहरीएवढी एक नळी असते. पिन निघताना ती नकळत गळून पडते, आणि ती नसेल तर पिन टिकत नाही, घड्याळ चालता चालता हातातून निसटतं. अशा चेनसाठी ठोकणी, ठोकळा आणि हातोडी घरी आणण्यात अर्थ नाही. ती नाक्यावरच्या घड्याळजीकडे न्या, काढलेल्या कड्या आणि नळ्या मागून घ्या, आणि तो मागेल ती मजुरी घासाघीस न करता द्या.