खुर्च्यांची रांग आणि चटईभर जागा

जुम्म्याच्या नमाजला मशिदीत नजर टाका. भिंतीच्या कडेला खुर्च्यांची रांग दिसेल. आमच्या लहानपणी एखाद-दुसरी खुर्ची असे, तीही एखाद्या फार थकलेल्या बुजुर्गासाठी. आता तिथे माझ्या वयाचे, चाळिशी-पन्नाशीतले लोकही बसलेले असतात.

ज्याला खरोखर जमत नाही त्याला शरीयतने सवलत दिली आहे. उभे राहता येत नसेल तर बसून, तेही शक्य नसेल तर पडून नमाज अदा करता येते. तेव्हा खुर्चीवर बसणाऱ्याकडे बोट दाखवण्याचा माझा इरादा नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की, धडधाकट माणसाला ऐन चाळिशीत जमिनीची भीती का वाटू लागली?

कारण आपल्या घरांतून जमीनच हद्दपार झाली. दस्तरखान टेबलावर गेले, चूल ओट्यावर गेली, शौचालयात कमोड आला. यातून कष्ट वाचले, विशेषतः बायकांचे, हे चांगलेच झाले. पण त्यासोबत उकिडवे बसणे, मांडी घालणे, हात न टेकता उठणे हेही गेले. ज्या हालचाली आपण सोडतो, त्या शरीरही हळूहळू सोडून देते. सांधे आखडतात, मांड्यांतली ताकद जाते.

ब्राझीलचे डॉक्टर क्लॉडिओ गिल अराउजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. ५१ ते ८० वयाच्या २,००२ लोकांना जमिनीवर बसून उठायला सांगितले. एकूण गुण १०. हात किंवा गुडघा टेकला की एक गुण वजा. पुढच्या काही वर्षांत कमी गुणवाल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण बरेच जास्त आढळले. बसता-उठता न येणे हेच मृत्यूचे कारण, असा याचा अर्थ नाही. पण ताकद, तोल आणि लवचीकता या तिन्हींची खबर या एका हालचालीतून मिळते.

काही जण म्हणतील, "आपण पाच वक्त नमाज पढतो, वेगळा व्यायाम कशाला?" दिवसाच्या फर्ज १७ रकअत, म्हणजे १७ वेळा जमिनीवर जाणे-उठणे आणि ३४ सजदे. शरीराला याचा फायदा होतोच. पण नमाज इबादत आहे, तिला कसरत समजू नये. शिवाय जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करायला सांगते. उलट असे म्हणा की, सजदा शेवटपर्यंत जमिनीवर करता यावा म्हणून शरीर तयार ठेवायचे.

त्यासाठी जिमची फी लागत नाही. एक चटई पुरे. सुरुवातीला खुर्चीचा आधार घेऊन पाच वेळा खाली बसा आणि उठा. हात-गुडघ्यांवर ओणवे होऊन एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय लांब करा. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचला. शेवटी पाठीवरून कुशीवर वळा, हात टेकून गुडघ्यांवर या, मग एक पाय पुढे घेऊन उभे राहा. गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्यांनी, हाडे ठिसूळ असलेल्यांनी आणि चक्कर येणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

यातली शेवटची हालचाल सर्वांत मोलाची. न्हाणीघरात घसरलेली अम्मी हाड न मोडताही तासभर तशीच पडून राहते, कारण उठायचे कसे हे शरीर विसरलेले असते. आपल्या बायकांना जिमची वेळ, खर्च आणि पडदा या तिन्ही अडचणी आहेत. चटईला यातली एकही अडचण नाही.

मशिदीच्या ट्रस्टींनी खुर्च्या जरूर ठेवाव्यात. पण महिन्यातून एकदा मोहल्ल्यातल्या एखाद्या फिजिओथेरपिस्टला बोलावून या हालचाली शिकवाव्यात, आणि बायकांच्या इज्तेमातही त्यासाठी पंधरा मिनिटे काढावीत. खुर्ची गरजूसाठी आहे. ती गरज आपल्यावर दहा वर्षे उशिरा यावी, एवढे तरी आपल्या हातात आहे.