विश्लेषण : फॉरवर्ड केलेली ईमेल वाटेतच का हरवते?

लहान कंपनी असो वा गृहनिर्माण संस्था, स्वतःच्या डोमेनवर ‘इन्फो’ नावाचा एक ईमेल पत्ता असतोच. तो रोज उघडणार कोण? म्हणून त्यावरची सगळी मेल व्यवस्थापकाच्या किंवा सचिवांच्या खासगी जीमेलवर वळवली जाते. पाच मिनिटांचे काम, खर्च शून्य. पुढे एखादे दिवशी बँकेची महत्त्वाची मेल मिळतच नाही. बँक म्हणते पाठवली, कार्यालय म्हणते आली नाही. अनेकदा दोघांचेही खरे असते.

मेल अडते कुठे?

ईमेललाही पाकीट आणि आतले पत्र असते. वाचणाऱ्याला पत्रावरचे नाव दिसते, सर्व्हर मात्र आधी पाकिटावरचा प्रेषक पाहतो. साध्या फॉरवर्डिंगमध्ये प्रेषक तोच राहतो, फक्त पोहोचवायचा पत्ता बदलतो. इथेच घोळ होतो. आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, याची यादी प्रत्येक डोमेन जाहीर करू शकते. तिला ‘एसपीएफ’ म्हणतात. बँकेच्या यादीत संस्थेचा सर्व्हर कसा असेल? जीमेलच्या दारात मेल बँकेच्या नावाची, पण आणणारा भलताच. त्यामुळे ही तपासणी नापास होते.

दुसरा आधार ‘डीकेआयएम’ या डिजिटल मोहोरेचा. मजकुराला हात लागला नाही तर ती वाटेत टिकते. पण अनेक सर्व्हर मेल पुढे धाडताना विषयाआधी ‘बाहेरून आलेली’ असा शिक्का किंवा तळाशी कायदेशीर सूचना जोडतात आणि मोहोर मोडते. दोन्ही तपासण्या फसल्या की काय करायचे, हे ‘डीमार्क’ धोरणातून मूळ डोमेन सांगते. ते ‘नाकारा’ असेल तर मेल परत जाते. तीही पाकिटावरच्या प्रेषकाकडे, म्हणजे बँकेच्या कोणी न वाचणाऱ्या स्वयंचलित पेटीत. कार्यालयाला पत्ताच लागत नाही.

गुगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४पासून हे नियम कडक केले. जीमेलवर दिवसाला पाच हजारांहून अधिक मेल पाठवणाऱ्यांना आता तिन्ही गोष्टी बंधनकारक आहेत. त्याआधी चालून जाणारे ढिले फॉरवर्डिंग त्यामुळे उघडे पडले.

उपाय कोणता?

सर्व्हर सांभाळणाऱ्याने ‘एसआरएस’ ही सोय सुरू करावी. तीत पाकिटावरचा प्रेषक फॉरवर्ड करणाऱ्या डोमेनच्या नावे बदलला जातो आणि एसपीएफ जुळते. डीमार्कला मात्र त्याचा उपयोग नाही, म्हणून मजकुराला हात न लावणे तितकेच महत्त्वाचे. स्पॅम गाळूनच मेल पुढे पाठवावी, अन्यथा जीमेलच्या लेखी संस्थेचा सर्व्हरच स्पॅम पाठवणारा ठरतो. कोणत्याही चुकीच्या पत्त्यावरची मेल गोळा करणारी ‘कॅच-ऑल’ पेटी तर बंदच बरी. मूळ पेटीत प्रत राहू द्यावी.

त्याहून सरळ मार्ग म्हणजे फॉरवर्डिंगच नको. फोनमधल्या मेल ॲपमध्ये कार्यालयाचे खाते ‘आयमॅप’ने जोडले, की मेल आपल्या जागीच राहते. सचिव बदलले, कर्मचारी नोकरी सोडून गेला, तर पासवर्ड बदलून त्यांचा प्रवेश थांबवता येतो. फॉरवर्डिंगमध्ये सभासदांची कागदपत्रे, देयके जुन्या माणसाच्या खासगी पेटीत जात राहतात आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

चोरही हाच रस्ता वापरतात

खाते हाती लागताच ‘इनव्हॉइस’सारख्या शब्दांची मेल गुपचूप बाहेर वळवायची आणि योग्य वेळी बदललेला बँक खाते क्रमांक पाठवायचा, ही फसवणुकीची जुनी पद्धत. म्हणूनच ‘मायक्रोसॉफ्ट ३६५’मध्ये बाहेरच्या पत्त्यावर आपोआप फॉरवर्ड करणे मूळ सेटिंगमध्येच बंद असते. नुसता पासवर्ड बदलून असा नियम पुसला जात नाही. जीमेलमध्ये तो शोधायचा तर संगणकावर सेटिंग्ज उघडून ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर्स’ हे दोन्ही विभाग पाहावे लागतात.