दवाखान्यातले सोबती

2025 च्या सुरुवातीला कल्याण आणि पुणे इथली ‘मित्र क्लिनिक’ बंद झाली. तृतीयपंथी आणि पारलिंगी व्यक्तींसाठी असे पहिले केंद्र 2021 मध्ये हैदराबादला उघडले होते. त्यामागोमाग महाराष्ट्रात ही दोन आली. तपासायला डॉक्टर आणि दारात स्वागताला, समुपदेशनाला, वस्तीत जाऊन रुग्णाला हाताला धरून आणायला त्याच समाजातली माणसे, अशी त्यांची रचना होती. संप्रेरकांचे उपचार, एचआयव्हीची चाचणी, मानसिक आरोग्य, कागदपत्रांसाठी मदत हे सगळे एका छपराखाली मिळत होते. अमेरिकेच्या तेव्हाच्या नव्या प्रशासनाने परदेशी मदत रोखली आणि तिन्ही केंद्रांचा पैसा आटला. ज्यांना पहिल्यांदाच एखाद्या दवाखान्यात नीट नावाने हाक मारली गेली होती, ती माणसे पुन्हा होती तिथे गेली. अमेरिकेने काय करावे, हे ठरवणे आपल्या हाती नाही. महाराष्ट्रातल्या नागरिकांचे आरोग्य दुसऱ्या देशाच्या अंदाजपत्रकावर का टांगलेले होते, हा प्रश्न मात्र आपला आहे आणि तो पनवेलने आज स्वतःला विचारायला हवा.

पनवेलच का? 1852 पासून नगरपालिका असलेले हे गाव 1 ऑक्टोबर 2016 रोजी महापालिका झाले, रायगड जिल्ह्यातली पहिली. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या सिडकोच्या वसाहती आणि आसपासची गावे तिच्यात आली. मुंबईची लोकल इथे संपते, कोकणात जाणाऱ्या रेल्वेगाड्या इथून जातात, द्रुतगती मार्ग इथे सुरू होतो, कळंबोलीच्या लोखंड बाजारात राज्याराज्यांतले ट्रक उभे राहतात, आणि आता विमानतळही याच तालुक्यात आला. अशा शहरात माणसे गाव मागे टाकून येतात. त्यात घरी सांगता न आलेले समलिंगी तरुण असतात, वडिलांनी बाहेर काढलेल्या पारलिंगी मुली असतात, मैत्रिणी म्हणून एका खोलीत भाड्याने राहणारी जोडपी असतात, गुरूच्या घरात आसरा मिळालेले तृतीयपंथी असतात. त्यांना ताप येतो, मधुमेह होतो, अपघात होतो. महापालिकेचा आरोग्य विभाग अजून घडतो आहे. सवयी मुरायच्या आधीच त्यात चांगली घडी बसवता येते.

घडी कशी बसवायची, हे शोधायला मुंबईच्या पलीकडे जावे लागत नाही. अशोक राव कवी यांनी 1990 मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले आणि 1994 मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. मुंबई महापालिकेने वाकोल्याच्या आपल्या इमारतीत या संस्थेला जागा दिली. त्या काळात समलिंगी संबंध हा भारतीय दंडविधानाच्या 377 व्या कलमाखाली गुन्हा होता, हे लक्षात घेतले म्हणजे महापालिकेच्या त्या निर्णयाची किंमत कळते. कायद्याच्या लेखी जे गुन्हेगार होते, त्यांच्याशी एका स्थानिक स्वराज्य संस्थेने सार्वजनिक आरोग्यासाठी हात मिळवला. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाशी मिळून चाचणी आणि समुपदेशनाचे काम उभे राहिले. रात्री रेल्वे स्थानकांवर, बागांत, समुद्रकाठी फिरणारे कार्यकर्ते सकाळी त्याच माणसांना घेऊन रुग्णालयाच्या रांगेत उभे राहत. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये समपथिक ट्रस्ट स्थापन केला आणि समलैंगिकतेच्या विषयावर सातत्याने मराठीत लिहून तो डॉक्टर, शिक्षक, पालकांपर्यंत पोचवला. मुंबईतल्या मालवणीत गौरी सावंत यांच्या ‘सखी चारचौघी’ने तृतीयपंथीयांमध्ये आरोग्याचे असेच काम उभे केले.

हे काम सोपे नव्हते. 2001 मध्ये लखनौत पोलिसांनी एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच अटक केली. आरोग्याची माहिती देणारी पत्रके पुरावा म्हणून जप्त झाली आणि त्या माणसांना महिन्याहून अधिक काळ तुरुंगात काढावा लागला. 377 व्या कलमाचा खटला दिल्ली उच्च न्यायालयात चालला तेव्हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे नॅकोने, प्रतिज्ञापत्रावर सांगितले की या कलमाच्या भीतीने माणसे लपतात आणि लपलेल्या माणसापर्यंत औषध पोचत नाही. त्याच सरकारचे गृह मंत्रालय तेव्हा कलमाच्या बाजूने उभे होते. आरोग्य विभागाला सत्य आधी उमगले, कारण तो या माणसांच्या सोबतीने रोज काम करत होता.

त्या सोबतीचे फळ मोठे आहे. एचआयव्हीचा नवा संसर्ग देशात खूप घटला, यामागे समाजातूनच आलेल्या हजारो कार्यकर्त्यांची पायपीट आहे. एकेका कार्यकर्त्याकडे साठेक माणसे. त्यांची चाचणी, औषधे, त्यांचे रडणे आणि घरची भांडणे हे सगळे तोच पाहतो. मानधन मात्र इतके तुटपुंजे की त्यावर संसार चालत नाही. अजूनही गरज संपलेली नाही. देशातल्या प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण 0.2 टक्क्याच्या आसपास आहे, तर पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत आणि तृतीयपंथीयांत ते तीन ते चार टक्क्यांच्या दरम्यान असल्याचे नॅकोच्या 2021 च्या पाहणीत दिसले.

पण आमच्या मते या यशाने एक वाईट सवयही लावली. सरकारी व्यवस्थेने या नागरिकांकडे फक्त कमरेखाली पाहिले. ते ‘जोखमीचा गट’ म्हणून यादीत आले आणि तिथेच राहिले. एचआयव्हीची औषधे देणाऱ्या एआरटी केंद्रात ज्याला सगळे नावाने ओळखतात, त्याच माणसाला त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर हाड मोडले म्हणून गेल्यावर अवघडलेल्या नजरा मिळतात. समलिंगी स्त्रिया तर एचआयव्हीच्या या कार्यक्रमाच्या हिशेबात कधी आल्याच नाहीत. मुंबईत ‘स्त्री संगम’, म्हणजे आजची ‘लेबिया’, 1995 पासून त्यांच्यासाठी काम करते. पण स्त्रीरोगतज्ज्ञाच्या खोलीतला पहिला प्रश्न आजही ‘लग्न झालंय का?’ हाच असतो आणि पुढची सगळी तपासणी त्या उत्तरावर ठरते. जन्माने स्त्री ठरवले गेलेल्या पारलिंगी पुरुषाला गर्भाशयाच्या तक्रारीसाठी बायकांच्या रांगेत दाढीसह उभे राहावे लागते. तो एकदा उभा राहतो, दुसऱ्यांदा येत नाही. गाठ मोठी झाल्यावर येतो.

अडचण सुरू होते केसपेपरच्या खिडकीवर. आधार कार्डावर एक नाव, चेहऱ्यावर दुसरे. खिडकीतला कर्मचारी ते जुने नाव मोठ्याने पुकारतो आणि बाकावरचे सगळे मान वळवून पाहतात. भरती करायचे तर पुरुषांचा वॉर्ड की स्त्रियांचा, यावर रुग्ण स्ट्रेचरवर असताना चर्चा होते. संमतीपत्रावर सही कोणाची? वीस वर्षे सोबत राहिलेल्या जोडीदाराला बाहेर थांबवले जाते आणि ज्याने घराबाहेर काढले त्या भावाला फोन लावला जातो. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली आहे, पण रेशन कार्ड घरच्यांकडे आणि घर सुटलेले, अशा माणसाने कुटुंब कुठून आणायचे? यातली कुठलीही अडचण सोडवायला मोठे यंत्र किंवा नवी इमारत लागत नाही. ज्याला हे सगळे स्वतःच्या अंगावर भोगून माहीत आहे, असा एक माणूस त्या खिडकीशेजारी बसलेला असावा लागतो.

कायदा याच बाजूचा आहे. 15 एप्रिल 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना रुग्णालयांत योग्य उपचार देण्याचे निर्देश केंद्राला आणि राज्यांना दिले. 6 सप्टेंबर 2018 रोजी 377 व्या कलमाचा काटा निघाला. त्याच महिन्यात अमलात आलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने एचआयव्हीबाधितांच्या उपचारातला भेदभाव बेकायदा ठरवला. तृतीयपंथी व्यक्तींच्या 2019 च्या कायद्यातले 15 वे कलम तर पूर्णपणे आरोग्याचेच आहे: शस्त्रक्रिया, संप्रेरके, समुपदेशन, विमा, वैद्यकीय अभ्यासक्रमाचा फेरविचार. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्व राज्यांना पत्र लिहून एलजीबीटी नागरिकांबाबतचा भेदभाव थांबवण्यास, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्यास आणि जवळचे नातलग नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात देण्यास सांगितले. मृतदेहासाठीसुद्धा पत्र काढावे लागले, यावरून जिवंतपणी काय चालत असेल ते कळते. दिल्लीहून निघालेले असे पत्र तालुक्याच्या रुग्णालयातल्या परिचारिकेपर्यंत पोचते का, हा प्रत्येक आदेशाचा खरा कस आहे. ते पोचवणारा, वाचून दाखवणारा आणि पाळले जाते का हे पाहणारा कोणी हवा. ही पहारेदारी समाजाच्या संघटनाच करू शकतात.

डॉक्टरांचे काय? जागतिक आरोग्य संघटनेने 17 मे 1990 रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2018 मध्ये हा आजार नाही असे जाहीर सांगितले. ‘बरे करून देतो’ म्हणत केले जाणारे तथाकथित उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये कळवले. पण 2024 मध्ये त्याच आयोगाच्या न्यायवैद्यक अभ्यासक्रमात समलिंगी संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक गुन्ह्यां’च्या यादीत घुसले आणि ओरड झाल्यावर काही दिवसांत तो अभ्यासक्रम मागे घ्यावा लागला. ही ओरड संघटनांनी आणि त्यांच्यासोबतच्या डॉक्टरांनी केली होती. पनवेल महापालिकेच्या हद्दीत, कामोठ्यात, एमजीएम हे वैद्यकीय महाविद्यालय आहे. खारघरला टाटा स्मारकाचे कर्करोग केंद्र आहे. शिकणाऱ्या डॉक्टरांसमोर या समाजातली माणसे शिक्षक म्हणून उभी राहिली, तर पाठ्यपुस्तकातल्या एका परिच्छेदाने होणार नाही एवढा फरक पडेल.

इतक्या थोड्या लोकांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे विचारणारे भेटतील. थोडे दिसतात कारण बहुतेक जण लपून आहेत, हे पहिले उत्तर. दुसरे पनवेलकरांना सांगायला नको. याच तालुक्यात नेऱ्याजवळच्या शांतिवनात, कुष्ठरुग्णांना गाव वेशीबाहेर काढत असे त्या काळापासून, त्यांची सेवा होत आली आहे. लोक संख्येने किती, हे विचारून ते काम सुरू झाले नव्हते. वेगळा वॉर्ड काढला की झाले, असेही काहींना वाटते. मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात 2023 मध्ये तृतीयपंथीयांसाठी वॉर्ड सुरू झाला, त्याचे आम्ही स्वागत करतो. भरती होताना होणारी विटंबना त्याने टळते. मात्र तापाच्या गोळीसाठी कोणी पनवेलहून मुंबईला जाणार नाही. रुग्णाला त्याच्या घराजवळच्या नागरी आरोग्य केंद्रात, इतरांच्याच रांगेत, इतरांइतक्याच सन्मानाने उपचार मिळायला हवेत. राज्याने मनावर घेतले तर हे जमते: तमिळनाडूने 2008 मध्येच तृतीयपंथी कल्याण मंडळ स्थापले आणि सरकारी रुग्णालयांत लिंगबदल शस्त्रक्रिया मोफत केल्या. महाराष्ट्राला असे मंडळ स्थापायला 2020 उजाडले.

या सगळ्यात सर्वांत नाजूक भाग पैशाचा आहे. परदेशी देणगीवर उभे राहिलेले काम देणगीदाराच्या मर्जीने चालते, हे कल्याणने दाखवले. त्याआधी सांगलीच्या ‘संग्राम’ने हे वेगळ्या प्रकारे दाखवले होते. देहविक्रीविरोधी शपथ घेण्याची अट अमेरिकी मदतीला जोडली गेली, तेव्हा 2005 च्या सुमारास मीना शेषू यांच्या या संस्थेने तो पैसा नाकारला आणि ज्यांच्यासोबत काम करत होती त्या स्त्रियांची बाजू सोडली नाही. असा निग्रह प्रत्येक छोट्या संस्थेने दाखवावा, ही अपेक्षा मात्र अन्यायाची आहे. नागरिकांच्या आरोग्याचा खर्च नागरिकांच्या करातून व्हायला हवा. समलिंगी आणि तृतीयपंथी पनवेलकरही कर भरतात.

म्हणून महापालिकेच्या आयुक्तांकडे आणि नगरसेवकांकडे आमचे मागणे स्पष्ट आहे. आरोग्याच्या अंदाजपत्रकात या कामासाठी स्वतंत्र शीर्ष उघडा. पनवेल आणि नवी मुंबई परिसरातल्या समाजाच्या संघटनांशी किमान तीन वर्षांचा करार करा. दर मार्चला पुढच्या महिन्याची धाकधूक त्यांच्या वाट्याला नको. ज्या केंद्रात गर्दी जास्त, तिथे त्या समाजातला प्रशिक्षित सहायक पूर्ण पगारावर नेमा. केसपेपरवर रुग्ण सांगेल ते नाव लिहा, कार्डावरचे नाव नोंदीपुरते ठेवा. संकटात कोणाला कळवायचे, ते रुग्णालाच ठरवू द्या. राज्य सरकारने पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीत या समाजाच्या प्रतिनिधीला जागा द्यावी आणि त्या जागेला मत असावे. शोभेची खुर्ची नको. सुरक्षारक्षक, परिचारिका, खिडकीवरचे कारकून यांचे प्रशिक्षण डॉक्टरांच्याही आधी व्हावे, कारण रुग्ण परत फिरतो तो बहुधा दारातूनच. आशा सेविकांनाही यात घ्यावे. कोणाच्या घरात कोण गप्प बसले आहे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

संघटनांनाही एक सांगायचे आहे. एचआयव्हीच्या प्रकल्पांनी तुम्हाला नोंदवह्या भरण्यात गुंतवले, आकड्यांच्या उद्दिष्टांमागे पळवले. करार करताना मधुमेह, मानसिक आजार, म्हातारपण, स्त्रीरोग हे विषय तुम्हीच पुढे रेटा. वृद्ध तृतीयपंथीयाचे गुडघे, एकट्या समलिंगी पुरुषाचे नैराश्य याही आरोग्याच्या गोष्टी आहेत आणि त्या तुमच्याशिवाय कोणी मांडणार नाही. सरकारी यंत्रणेत शिरून तिच्यावर टीका करण्याचा हक्क कायम ठेवा. तो करारात लिहून घ्या.

यासाठी लागणारी रक्कम एका रस्त्याच्या डांबरीकरणापेक्षा जास्त नसेल. महापालिकेच्या पुढच्या अंदाजपत्रकात ती दिसली पाहिजे, आणि नाही दिसली तर आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाला त्याचा जाब प्रत्येक पनवेलकराने विचारावा.