लाल शाईतले नाव

गुन्हेगारी मालिकेतला सर्वोत्तम भाग कोणता, असा प्रश्न निघाला की उत्तरे ठरलेल्या वाटेने येतात. कोणी आवडते पात्र ज्या भागात मारले गेले तो भाग सांगतो, कोणी शेवटच्या दोन मिनिटांत सगळे धागे जुळून खुनी समोर येतो तो. कोणाला गोळीबार आणि पाठलाग आठवतो. या उत्तरांच्या तळाशी एक गृहीतक आहे. गुन्हेगारी कथा म्हणजे कुलूप आणि तिचा शेवट म्हणजे किल्ली, तेव्हा किल्ली जितकी अनपेक्षित तितका भाग मोठा, असे ते गृहीतक. ते मला चुकीचे वाटते. या प्रकारातला मी पाहिलेला सर्वांत मोठा भाग असा आहे की त्यात ना गोळी सुटते ना पाठलाग होतो, आणि खून कोणी केला हे शेवटपर्यंत कळत नाही. ‘होमिसाइड: लाइफ ऑन द स्ट्रीट’ या अमेरिकन मालिकेचा 3 मार्च 1993 रोजी प्रसारित झालेला ‘थ्री मेन अँड अडीना’ हा तो भाग. त्याच्यावरचे आक्षेप किरकोळ नाहीत, आणि त्यांना उत्तर दिल्याशिवाय त्याचा मोठेपणा नुसता सांगण्यात अर्थ नाही.

आधी मालिकेविषयी थोडे. बाल्टिमोर शहरातल्या खून-तपास पथकाची ही कहाणी एनबीसी वाहिनीवर 1993 ते 1999 या काळात सात हंगाम चालली आणि तिचे 122 भाग झाले. तिचा आधार कादंबरी नव्हती. ‘बाल्टिमोर सन’चा बातमीदार डेव्हिड सायमन 1988 हे पूर्ण वर्ष त्या शहराच्या खून-तपास पथकाबरोबर राहिला आणि 1991 मध्ये त्याचे त्यावरचे पुस्तक आले. त्या वर्षी अकरा वर्षांच्या एका मुलीचा खून झाला होता. ज्या म्हाताऱ्या दुकानदारावर संशय होता त्याची पुन्हा पुन्हा चौकशी झाली, पण त्याने कबुली दिली नाही आणि प्रकरण सुटले नाही. मालिकेतली अडीना वॉटसन या मुलीवरून आली आहे. पथकाच्या कचेरीत एक मोठा फळा आहे. न सुटलेल्या खुनातल्या मृताचे नाव त्यावर लाल शाईत आणि सुटलेल्याचे काळ्या शाईत लिहितात. अडीनाचे नाव लाल शाईत आहे, आणि ते टिम बेलिस या नव्या डिटेक्टिव्हच्या नावाखाली आहे. पथकात आल्यावर त्याच्या वाट्याला आलेला हा पहिलाच खून.

या भागात बेलिस आणि फ्रँक पेम्बल्टन यांच्या हाती बारा तास आहेत. समोर रिस्ली टकर हा म्हातारा. बाल्टिमोरच्या गल्ल्यांतून घोडागाडीवर फळे विकणारे फेरीवाले असतात, तिकडे त्यांना ‘अरॅबर’ म्हणतात, टकर त्यांच्यापैकी एक. यापूर्वी त्याला इतक्या वेळा बोलावले गेले आहे की या वेळी कबुली मिळाली नाही तर पुन्हा बोलावता येणार नाही. चौकशीच्या खोलीला पथकाचे लोक नुसते ‘बॉक्स’ म्हणतात, आणि जवळजवळ संपूर्ण भाग त्या खोलीत घडतो. दोघे डिटेक्टिव्ह त्याला गोंजारतात, दमात घेतात, तेच प्रश्न उलटेसुलटे करून विचारतात. एका क्षणी बेलिसचा तोल जातो. मग उलटेच घडू लागते. टकर त्या दोघांना वाचायला लागतो. बेलिसमध्ये दडलेल्या काळोखावर तो बोट ठेवतो. पेम्बल्टनला तो ऐकवतो की तू स्वतः काळा असून माझ्यासारख्या काळ्या माणसाला खालचा समजतोस. शेवटी तो एक कबुली देतो, पण ती खुनाची नाही. त्या लहान मुलीवर आपले प्रेम होते, आयुष्यात दुसऱ्या कोणावर नव्हते इतके, असे तो सांगतो. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो आणि त्याच वेळी त्याची कीवही येते. बारा तास संपतात आणि टकर सुटतो.

पहिला आणि सर्वांत जड आक्षेप असा की ही फसवणूक आहे. गुन्हेगारी कथा पाहणारा प्रेक्षक आपला वेळ एका करारावर देतो, प्रश्न विचारलात तर उत्तरही द्या. उत्तर न देणे म्हणजे लेखकाची असमर्थता, आणि तिला ‘वास्तवता’ म्हटल्याने ती कला होत नाही. हा आक्षेप एरवी बहुतेक वेळा बरोबर असतो, हे मी मान्य करतो. पुष्कळ मालिका शेवट मोकळा सोडतात तेव्हा लेखकाने आपल्याकडची माहिती प्रेक्षकापासून लपवलेली असते. दार मुद्दाम अर्धवट लोटून तो आपल्याला बाहेर उभे करतो. पण इथे तसे झाले आहे का, हे तपासायला एक सोपी कसोटी आहे. डिटेक्टिव्हांना जे माहीत आहे त्यातले काही आपल्यापासून लपवले आहे का? नाही. प्रत्येक पुरावा, प्रत्येक विसंगती, टकरच्या चेहऱ्यावरची प्रत्येक हालचाल त्यांना दिसते तशी आपल्याला दिसते. आपल्या अज्ञानात आणि त्यांच्या अज्ञानात तसूभर फरक नाही. करार मोडला असता तर तो याच ठिकाणी मोडला असता, आणि इथेच तो काटेकोरपणे पाळला आहे.

या प्रामाणिकपणाचे फळ भागाच्या शेवटी मिळते. सुरुवातीला बेलिसला टकरच खुनी वाटतो आणि पेम्बल्टन साशंक असतो. बारा तासांनंतर पेम्बल्टनला टकरच खुनी वाटू लागतो, आणि ज्याने या खुनापायी झोप गमावली तो बेलिस म्हणतो की आता मला खात्री नाही. पुरावा दोघांसमोर तोच होता, खोलीही तीच होती. एकाची शंका गेली त्याच क्षणी दुसऱ्याची श्रद्धा ढळली. खुनाचा उलगडा झाला असता तर या दोघांपैकी एक बरोबर आणि एक चूक ठरून गोष्ट मिटली असती. उलगडा नसल्यामुळे आपल्याला निकाल सोडून निकाल देणाऱ्यांकडे पाहावे लागते. शीर्षक हेच सांगते. त्यात तीन पुरुष आहेत आणि एक मुलगी आहे, आणि ती मुलगी खोलीत नाही. तिच्याबद्दल तिघे बोलतात, तिघांनाही ती आपली वाटते, आणि तिचे शेवटचे तास कसे गेले हे त्यांच्यापैकी दोघांना तरी कधीच कळणार नाही.

दुसरा आक्षेप रूपाचा आहे. एक खोली, तीन माणसे आणि भरपूर संवाद म्हणजे नाटक झाले, यात टेलिव्हिजनचे काय, असे विचारले जाते. मराठी प्रेक्षकाला या प्रश्नाचे वजन लगेच कळेल. बंद जागेत प्रश्नोत्तरांनी माणूस सोलला जाताना पाहणे त्याला ‘शांतता! कोर्ट चालू आहे’पासून, म्हणजे 1967 पासून, परिचित आहे. टॉम फोंटानाने लिहिलेली ही पटकथा रंगभूमीच्या फार जवळची आहे, हे नाकारायचे कारण नाही. तिला त्या वर्षीचा लेखनाचा एमी पुरस्कार मिळाला. पण रंगमंचावर प्रेक्षक एका ठरावीक अंतरावर बसतो, आणि इथे दिग्दर्शक मार्टिन कॅम्पबेलचा हातातला कॅमेरा ते अंतरच काढून घेतो. प्रश्न विचारणाऱ्याऐवजी तो कितीदा तरी ऐकणाऱ्यावर थांबतो. मोझेस गन या थोर नटाने टकर उभा केला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो गेला. त्याच्या पापण्या जड होतात, ओठ सुकतात, थकव्यातून अचानक तिखट बुद्धी डोके वर काढते, हे दहाव्या रांगेतून दिसले नसते. शिवाय बारा तास पाऊण तासात बसवायचे म्हणजे काळ कापावा लागतो, आणि एका कटनंतर तीच माणसे अधिक चुरगळलेली दिसणे ही संकलनाची करामत आहे. केवळ बंधन घालून घेतल्याने भाग मोठा होतो असेही माझे म्हणणे नाही. आपल्याकडच्या ‘सीआयडी’ने 2004 मध्ये 111 मिनिटांचा भाग एकही कट न घेता चित्रित केला. तो पराक्रम खराच होता, आणि त्यामागच्या कष्टांचा आदर केला पाहिजे. पण तिथे बंधन तंत्रज्ञांवर होते. इथे ते पात्रांवर आहे, त्यांना त्या खोलीतून आणि त्या घड्याळातून सुटता येत नाही.

तिसरा आक्षेप नैतिक आहे, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एका वृद्ध गरीब माणसाला तासन्‌तास कोंडून दोन पोलिस त्याला पिळतात, त्याच्याशी खोटे वागतात, आणि आपण ते कौतुकाने पाहतो. अशा दृश्यांनी लोकांच्या मनात पोलिसी दडपशाहीला प्रतिष्ठा मिळते. भारतीय वाचकाने तर हा आक्षेप हलक्यात घेऊच नये. पोलिसासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे तत्त्व 1872 च्या पुरावा कायद्याच्या 25 व्या कलमात होते आणि 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या 23 व्या कलमातही ते कायम आहे. बंद खोलीत कबुली कशी मिळवली जाते याविषयीचा अविश्वास या कलमामागे आहे. अमेरिकेत संशयिताला गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क सांगितला की पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात चालते, आणि चौकशीत पोलिसांनी फसवे बोलणेही पुष्कळदा खपते. म्हणून तिथल्या मालिकांत ती खोली विजयाचे मैदान बनते. आपल्या हिंदी मालिकांत कायदा वेगळा असूनही शेवट मात्र कबुलीनेच होतो, हा विरोधाभास स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

हा आक्षेप मालिकेच्या काही भागांना नक्की लागू पडतो. पेम्बल्टन त्या खोलीचा सम्राट आहे. आंद्रे ब्रॉअरने तो इतक्या तेजाने साकारला की त्याच्या वाक्चातुर्याने दिपून जाणे सोपे होते. पण ‘अडीना’ला दोष देण्याआधी तो शेजारच्या भागाबरोबर ठेवून पाहावा. दुसऱ्या हंगामात, जानेवारी 1994 मध्ये, ‘ब्लॅक अँड ब्लू’ नावाचा भाग आला. एका गोळीबारात पोलिसावर संशय असताना वरिष्ठ जियार्डेलोचा कल दुसरीकडे असतो. संतापलेला पेम्बल्टन एका निर्दोष तरुणाला बॉक्समध्ये नेतो आणि त्याच्याकडून खुनाची कबुली मिळवून दाखवतो. खोली तीच, आवाज तोच, कौशल्य तेच, आणि या वेळी यश पूर्ण आहे. ते यश पाहताना पोटात गोळा येतो. हे दोन भाग एकत्र पाहिले की ‘अडीना’तले अपयश कुठल्या जातीचे आहे ते कळते. टकर पेम्बल्टनपेक्षा वरचढ ठरला आणि कबुली मिळाली नाही. ती मिळाली असती तर ती खरी होती की नुसत्या थकव्यातून आली होती, हे आपल्याला कसे कळले असते? टकरने पराभूत होऊन मान हलवली असती, तर प्रेक्षकांपैकी कितीजणांनी हा प्रश्न विचारला असता? हा भाग दडपशाहीला प्रतिष्ठा देतो असे म्हणणाऱ्याने याचे उत्तर द्यावे. बारा तासांच्या दबावातून बाहेर आलेले सत्य बहुतांशी दबाव टाकणाऱ्यांविषयीचे आहे, आणि मालिकेने ते स्वतःच्या नायकांना न वाचवता दाखवले आहे.

लोकांना असे भाग नको असतात, हा आक्षेप वाहिनीचे अधिकारी त्या काळीही घेत होते. त्याच पहिल्या हंगामात उकाड्याच्या एका रात्री फोनच न वाजणाऱ्या कचेरीचा ‘नाइट ऑफ द डेड लिव्हिंग’ हा सुंदर भाग मुळात तिसरा यायचा होता. तो संथ वाटला म्हणून थेट हंगामाच्या शेवटी टाकण्यात आला. दुसरा हंगाम तर अवघ्या चार भागांचा झाला. लोकप्रियतेच्या तराजूत ‘होमिसाइड’ कधीच जड नव्हती, हे खरे आहे. पण चांगल्या कलाकृतीचे माप पहिल्या आठवड्याच्या प्रेक्षकसंख्येने घ्यायचे ठरवले तर मराठी साहित्यातली अर्धी कपाटे रिकामी करावी लागतील.

एक शेवटचा आक्षेप घरातला आहे. या मालिकेच्या चाहत्यांतच अनेकजण ‘सबवे’ला वरचा मान देतात. डिसेंबर 1997 मध्ये आलेल्या त्या भागात भुयारी रेल्वेचा डबा आणि फलाट यांच्यामध्ये एक माणूस अडकतो. तो शुद्धीत आहे, बोलतो आहे, पण बाहेर काढताच मरणार हे सर्वांना ठाऊक आहे. व्हिन्सेंट डोनोफ्रिओने तो जीव तोडून केला आणि भागाला पीबडी पुरस्कार मिळाला. तो उत्तमच आहे. तरी मी त्याला खाली ठेवतो, कारण मरणाऱ्या निरपराध माणसासाठी हळहळायला प्रेक्षकाला स्वतःशी झगडावे लागत नाही. टकरसाठी झगडावे लागते. तो कदाचित राक्षस आहे, कदाचित एकटा, भुकेलेल्या मनाचा म्हातारा आहे, आणि पाऊण तास आपण एकाच चेहऱ्यात दोन्ही पाहत राहतो.

या भागाचा परिणाम पुढे किती लांब गेला तेही पाहावे. बेलिस अडीनाचे छायाचित्र टेबलावर ठेवतो. चौथ्या हंगामात तिच्या नावाचा दुसरा भाग येतो, तिथे तशाच एका खुनाने ती जखम पुन्हा उघडते. मालिका संपते तेव्हा कायद्याच्या तावडीतून सुटलेल्या एका खुन्याला कोणीतरी मारलेले असते. 2000 च्या समारोपाच्या चित्रपटात बेलिस पेम्बल्टनसमोर कबूल करतो की ते मीच केले. या वेळी कबुली मागितलेली नव्हती, घड्याळ लावलेले नव्हते, आणि ऐकणाऱ्याला ती नको होती. अडीनाचे नाव मात्र काळ्या शाईत कधीच लिहिले गेले नाही.