थांबा म्हणे, पॅनल अजून स्वस्त होतील!

मंडळी, आपल्या आयटीवाल्यांना एक रोग आहे. मोबाईल घ्यायचाय? थांब, पुढचं मॉडेल येतंय. लॅपटॉप? थांब, दिवाळीचा सेल लागू दे. इथवर ठीक आहे, पैसा आपला, वाट पण आपणच बघणार. पण हीच अक्कल आपण हिंजवडीत एसीत बसून यवतमाळच्या आईबाबांना फोनवर शिकवतो, "सोलर आत्ता नको, अजून स्वस्त होईल", तेव्हा माझं डोकं फिरतं. थांबण्याची किंमत आपण भरत नाही ना! ती भरतात मे महिन्यात ४४ डिग्रीत, बिल येईल म्हणून भर दुपारी कूलर बंद करून बसणारे आईबाबा.

बरं, भावना सोडा, हिशोब करू. २ किलोवॅटची सिस्टीम १ लाख ३० हजारांची धरा. पीएम सूर्यघर योजनेत (फेब्रुवारी २०२४ पासून) २ किलोवॅटला ६० हजार सबसिडी आहे, ३ किलोवॅटला ७८ हजार, त्यापुढे वाढत नाही. म्हणजे खिशातून गेले ७० हजार. एक किलोवॅट दिवसाला साधारण ४ युनिट देतो. पावसाळा, धूळ वगैरे वजा करून वर्षाला २,५०० युनिट कामी आले आणि युनिटमागे ९ रुपये वाचले असं धरू. झाले साडेबावीस हजार. तीन-सव्वातीन वर्षांत वसूल! पॅनलची वॉरंटी पंचवीस वर्षांची असते. इन्व्हर्टर मध्ये एकदा बदलावा लागेल, तोही धरा.

आता एक वर्ष थांबा. साडेबावीस हजार गेले. ते भरून निघायला पॅनल किती स्वस्त व्हायला हवं? एकूण खर्चात पॅनल असतात ५५ हजारांचे समजा. बाकी स्ट्रक्चर, वायरिंग, इन्व्हर्टर, मजुरी. म्हणजे पॅनलचा भाव एका वर्षात ४० टक्के पडला तर तुम्ही कुठे बरोबरीत येणार. आणि मजुरी काही उतरत नसते :-)

जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्याची वाट बघणारे शहाणे ठरले, मान्य. पण तो आता होऊन गेला, आणि सबसिडीची योजना २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंतचीच आहे. तारीख ठरलेली आहे ती सवलत जाण्याची, पॅनल स्वस्त होण्याची नाही!

मग "लगेच लावा" म्हणणारा एजंट खरा का? मुळीच नाही. तो दोन गोष्टी सांगत नाही. एक, साधी ऑन-ग्रिड सिस्टीम लाइट गेली की स्वतःही बंद पडते. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून तशी ती मुद्दाम बनवलेली असते. लोडशेडिंगवर इलाज हवा तर बॅटरी वेगळी. दोन, नेट मीटरिंगमध्ये शिल्लक युनिटचं खातं ३१ मार्चला बंद होतं, उरलेले युनिट किरकोळ दराने जातात. म्हणजे हिवाळ्यात साठवलेलं ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर साफ! म्हणून बिलापेक्षा मोठी सिस्टीम गळ्यात मारून घेऊ नका. लावायचीच तर दिवाळीनंतर अर्ज टाका, म्हणजे तपासणी आणि नेट मीटर उरकून एप्रिलच्या आधी सुरू होईल.

थांबायची खरी कारणं वेगळीच असतात. स्लॅब गळतोय, वर मजला चढवायचाय, शेजारच्या इमारतीची सावली पडते, किंवा बिलच महिन्याला १०० युनिटच्या आत आहे (तिथे दर कमी, वसुली लांबते). वणीकडे घर असेल तर कोळशाची धूळ पुसणार कोण, हेही आधी ठरवा. यातलं एकही कारण पॅनलच्या भावाबद्दल नाही, बघा!

तेव्हा पुढचा सल्ला द्यायच्या आधी घरून गेल्या बारा महिन्यांची बिलं आणि गच्चीचे दुपारचे चार फोटो मागवा. एक्सेल उघडायला दहा मिनिटं लागतात. ऑफिसात दिवसभर दुसरं काय करतो आपण?

असो. आकडे पटत नसतील तर स्वतःचे टाकून बघा.