सिम चालू होत नाहीये? दुकान गाठण्याआधी हे तपासा

नवं सिम घेतलं, फोनमध्ये घातलं, तास उलटले तरी सिग्नलच्या काड्या काही दिसेनात. अशा वेळी बरेच जण फोन दुकानदाराच्या हातात देऊन "बघा हो जरा" म्हणतात. काही जण इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधतात आणि जो पहिला दिसेल त्यावर फोन लावतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, या दोन्ही गोष्टी टाळा. सिम सुरू न होण्याची कारणं मोजकी आहेत. त्यातली बरीचशी घरबसल्या तपासता येतात आणि त्यासाठी कुणालाही ओटीपी सांगावा लागत नाही.

हे एवढ्या आग्रहाने सांगायचं कारण म्हणजे आपला नंबर आज बँक, आधार, गॅस, रेशन, मुलांची शाळा अशा सगळ्या ठिकाणी नोंदलेला असतो. तो बंद असला की माणूस अस्वस्थ होतो आणि सांगेल त्याचं ऐकतो. भामटे नेमकी हीच वेळ साधतात.

आधी सिम, मग फोन

फोन बंद करा आणि सिमचा ट्रे बाहेर काढा. सिमचा कापलेला कोपरा ट्रेच्या तशाच कोपऱ्याशी जुळतोय का ते पाहा. सोनेरी भागावर धूळ किंवा घामाचा डाग असेल तर कोरड्या, मऊ फडक्याने पुसा. कार्डावर मोठ्या, मध्यम आणि लहान अशा तीन आकारांच्या रेषा असतात. आजच्या बहुतेक स्मार्टफोनना सगळ्यात लहान, म्हणजे नॅनो आकार लागतो. सिम कात्रीने कापू नका, रेषेवर दाबून वेगळं करा.

एवढं करूनही नेटवर्क आलं नाही, तर तेच सिम घरातल्या दुसऱ्या चालू फोनमध्ये घालून बघा. ही एक तपासणी पुढचा निम्मा गोंधळ मिटवते. तिथे चाललं तर दोष तुमच्या फोनमध्ये किंवा त्याच्या सेटिंगमध्ये आहे. तिथेही नाही चाललं तर सिम किंवा कंपनीकडची नोंदणी पाहावी लागेल.

फोनचा दोष वाटत असेल तर फ्लाइट मोड बंद आहे ना आणि सेटिंगमध्ये त्या सिमचं बटण चालू आहे ना, हे बघा. मग फोनचा प्रकार लक्षात घ्या. जिओचं नेटवर्क पहिल्यापासून ४जीचं आहे. आजीच्या जुन्या २जी कीपॅड फोनमध्ये जिओचं सिम घातलं तर ते कितीही वेळ थांबलं तरी सुरू होणार नाही. उलट जिओफोनमध्ये जिओखेरीज दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही. अमेरिकेतल्या मुलाने किंवा भावाने दिलेला फोन तिथल्या कंपनीला बांधलेला असू शकतो. तसं असेल तर ज्याने फोन घेतला त्यालाच तिथल्या कंपनीकडून तो मोकळा करून घ्यावा लागतो.

सेकंडहँड फोन असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. *#०६# डायल केलं की १५ आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. मेसेजमध्ये इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरं, मग एक जागा सोडून तो क्रमांक लिहा आणि १४४२२ वर पाठवा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर उत्तरात कळतं. अशा फोनवर भारतातल्या कुठल्याच कंपनीचं सिम नेटवर्क पकडत नाही. म्हणून पैसे मोजण्याआधी हा मेसेज करा.

फोन पिन मागत असेल तर अंदाजाने आकडे दाबू नका. तीनदा चुकलं की सिम लॉक होतं आणि आठ आकडी पीयूके मागतं. तो कंपनीकडून मिळतो. पीयूके दहा वेळा चुकला तर ते सिम कायमचं निकामी होतं.

फोन लागतो पण इंटरनेट चालत नाही, अशीही तक्रार असते. तेव्हा मोबाइल डेटा याच सिमवर आहे का ते पाहा. त्यानंतर मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमधलं एपीएन, म्हणजे इंटरनेटच्या जोडणीचं नाव तपासा. जिओला तिथे जिओनेट आणि बीएसएनएलला बीएसएनएलनेट हे नाव इंग्रजीत लागतं.

नोंदणी कुठे अडते

दुकानात आधार आणि फोटो दिला की सिम लगेच सुरू होईल असं धरून चालू नका. कंपनीकडे कागदपत्रांची पडताळणी व्हावी लागते. काही सिमना सिग्नल आल्यावर त्याच सिमवरून एक फोन करून पडताळणी पूर्ण करावी लागते. त्यासाठी जिओचा नंबर १९७७, एअरटेल आणि व्हीआयचा ५९०५९, तर बीएसएनएलचा १५०७ आहे. हा फोन स्वतः करा, दुकानदाराला करू देऊ नका. शिवाय पहिलं रिचार्ज झालेलं नसेल तर सिग्नल दिसत असूनही फोन लागत नाहीत. तेही विचारून घ्या.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलत असाल तर १९०० वर मेसेज पाठवल्यावर मिळणारा आठ अक्षरांचा यूपीसी कोड महाराष्ट्रात चार दिवस चालतो. एका सर्कलमधल्या बदलाला तीन कामाचे दिवस लागतात, सर्कल बदलत असेल तर पाच. दूरसंचार खात्याच्या हिशेबात मुंबई हे वेगळं सर्कल आहे आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरं. त्यामुळे कोल्हापूरचा नंबर मुंबईत पोर्ट करणाऱ्याने दोन दिवस जास्त धरावेत. तोवर जुनं सिम फोनमध्येच राहू द्या. त्याचं नेटवर्क गेलं की नवं घाला. पोस्टपेडचं बिल थकलं असेल किंवा आताच्या कंपनीकडे ९० दिवस झाले नसतील, तर अर्ज नामंजूर होतो.

हरवलेल्या किंवा खराब झालेल्या सिमच्या बदली नवं घेतलं असेल तर एक नियम लक्षात ठेवा. बदली सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत आणि जातही नाहीत. फोन लागतात, इंटरनेट चालतं, फक्त ओटीपी येत नाही. सिम खराब निघालं असं वाटून लोक पुन्हा दुकानात धावतात. पण ही सोय आपल्याच पैशांच्या रक्षणासाठी आहे. कुणी चोराने आपल्या नावाने सिम बदलून घेतलं तर त्याला लगेच बँकेचा ओटीपी मिळू नये, म्हणून ही आडकाठी. त्यामुळे कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा असेल किंवा कर्जाचा हप्ता फेडायचा असेल, त्याच्या आदल्या दिवशी सिम बदलू नका.

अंगठा एकदाच

एसटी स्टँडबाहेर, आठवड्याच्या बाजारात छत्री लावून सिम विकणारे दिसतात. त्यातले पुष्कळ जण पोटासाठी इमानाने काम करतात. पण तिथे घडणारा एक प्रकार प्रत्येकाला माहीत असायला हवा. छोट्या यंत्रावर आपण अंगठा ठेवतो, विक्रेता म्हणतो, "काका, मॅच होईना, परत ठेवा." शेतात आणि बांधकामावर राबणाऱ्यांचे अंगठे झिजलेले असतात, म्हणून हे खरंही असू शकतं. पण त्या दुसऱ्या ठशावर आपल्या नावाचं दुसरं सिम काढून ते फसवणूक करणाऱ्या टोळीला विकल्याची प्रकरणं पोलिसांसमोर आली आहेत. परत अंगठा मागितला तर आधी स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगा आणि पहिला अर्ज रद्द झाल्याचं पाहा. आपल्याला वाचता येत नसेल तर वाचणारं कुणीतरी सोबत न्या.

आपल्या नावावर किती नंबर आहेत ते केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फुकट कळतं. आपला नंबर आणि त्यावर आलेला ओटीपी स्वतः भरला की यादी दिसते. त्यातला जो नंबर आपला नाही त्याची तक्रार तिथेच करता येते. एका व्यक्तीला महाराष्ट्रात जास्तीत जास्त ९ सिम ठेवता येतात. शेजाऱ्याला किंवा कामावरच्या ओळखीच्या माणसाला आपल्या नावावर सिम काढून देऊ नका. त्या नंबरवरून काही गुन्हा झाला तर पोलीस पहिल्यांदा तुमच्या दारात येतील.

"तुमची केवायसी अपुरी आहे, २४ तासांत सिम बंद होईल" असा फोन किंवा मेसेज आला तर तो खोटा आहे असंच समजा. दूरसंचार नियामक संस्था ट्राय कुणाला फोन करून नंबर बंद करत नाही. समोरचा एखादं अ‍ॅप घ्यायला सांगेल, सिमवरचा लांबलचक क्रमांक एसएमएसने पाठवायला सांगेल किंवा *४०१* ने सुरू होणारा नंबर डायल करायला लावेल. यातलं काहीही करू नका. *४०१* मुळे तुमचे कॉल त्याच्या फोनकडे वळू शकतात, आणि सिमचा क्रमांक पाठवायला लावून तुमचा नंबर त्याच्या हातातल्या सिमवर नेला जातो.

आपण काहीच मागणी केलेली नसताना फोनचं नेटवर्क गेलं आणि घरात त्याच कंपनीचे बाकीचे फोन चालू असतील, तर वाट बघत बसू नका. दुसऱ्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला कळवा, खातं थांबवायला सांगा. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा. इथे मिनिटामिनिटाला किंमत असते.

तक्रार कशी करावी

सगळं तपासूनही सिम सुरू होत नसेल तर त्याच कंपनीच्या दुसऱ्या चालू नंबरवरून १९८ ला फोन करा आणि तक्रारीचा डॉकेट नंबर लिहून घ्या. तो मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. ट्राय नियम करते, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. म्हणून सुरुवात कंपनीपासूनच करा. कंपनीचा नंबर पाकिटावरून किंवा कंपनीच्या अधिकृत अ‍ॅपमधून घ्या.

ज्यांना हे वाचून समजलं, त्यांना एक विनंती. घरातल्या, शेजारच्या वडीलधाऱ्यांचं सिम बदलायचं असेल तर त्यांना एकटं पाठवू नका, सोबत जा. संचार साथीवर त्यांच्या नावाची यादी एकदा त्यांच्यासमोर उघडून दाखवा. १९३० हा नंबर त्यांच्या फोनमध्ये जतन करा आणि कागदावर लिहून भिंतीवरही लावा. या कामाला अर्धा तास पुरे. त्या अर्ध्या तासाने कुणाच्या तरी पेन्शनचे, कांद्याच्या पट्टीचे किंवा लेकीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे वाचू शकतात.