पन्नासाव्या धुण्यानंतर बोला

मंडळी, या वीकेंडचा विषय अगदीच क्षुल्लक आहे. साधा टी-शर्ट. गोल गळ्याचा, एकरंगी, छातीवर काहीही न लिहिलेला. जो आपण ऑफिसला घालतो, भाजी आणायला घालतो आणि झोपतानाही घालतो (एकच टी-शर्ट तिन्हीला घालणारेही इथे बरेच असणार, कळतं आम्हाला :-)).

विषय क्षुल्लक असला तरी माझं भांडण तसं नाही. भांडण असं, की टी-शर्टचा 'दर्जा' म्हणून आपल्याला जे काही विकलं जातं ते सगळं पहिल्या दिवसाचं असतं. आणि पहिल्या दिवशी टी-शर्टचा दर्जा कळूच शकत नाही. तो कळतो पन्नासाव्या धुण्यानंतर. म्हणजे आठवड्यातून एकदा धुतला तर साधारण वर्षाने. मोठ्या विकणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं, पण पिशवीवर त्याबद्दल चकार शब्द नसतो.

आपल्या धंद्यातलंच बघा ना. "डेमो मस्त झाला, आता टेस्टिंग कशाला?" असं म्हणणाऱ्या मॅनेजरचा आपण चहाच्या टपरीवर कसा उद्धार करतो! आणि तेच आपण शनिवारी मॉलमध्ये जाऊन कापडावरून हात फिरवतो, "वा, काय मऊ आहे" म्हणतो आणि कार्ड पुढे करतो. डेमो बघून प्रॉडक्शनला टाकला की राव माल!

आता या मऊपणाचंच घ्या. नव्या टी-शर्टचा मऊपणा बऱ्याचदा कापसाचा नसतोच, तो वरून लावलेल्या सॉफ्टनरचा असतो. सिलिकॉनचा पातळ थर. धुण्यागणिक तो उतरत जातो आणि खालून खरं कापड बाहेर येतं. दुसरा प्रकार म्हणजे 'बायो-वॉश'. यात सेल्युलेज नावाच्या एन्झाइमने कापडावरची लव खाऊन टाकतात. हे बेताने केलं तर कापड खरंच गुळगुळीत होतं आणि गोळे कमी येतात. पण एन्झाइम लव खाऊन थांबेलच असं नाही. अति झालं तर सूतच अशक्त होतं. पिशवीवर 'बायो-वॉश्ड' एवढं छापलेलं असतं, बेताने की अति ते नाही.

मग येतो जीएसएम. हल्ली कॉलेजातली पोरंसुद्धा "किती जीएसएमचा आहे?" असं विचारतात. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. बास. १८० जीएसएम, २४० जीएसएम हे आकडे कापूस किती घातला ते सांगतात, कोणता आणि कसा ते सांगत नाहीत. सूत काढण्याआधी कापूस विंचरला असेल (पिशवीवरचं 'कोंब्ड' ते हेच) तर त्यातले आखूड तंतू बाहेर पडतात. विंचरला नसेल तर ते सुतातच राहतात, पुढे घासून वर येतात आणि त्यांचे गोळे होतात. जाड कापड आखूड तंतूंचंही होतं की! लाइन्स ऑफ कोड मोजून प्रोग्रामरची लायकी ठरवावी, तसाच हा जीएसएमचा हिशेब.

'१०० टक्के कॉटन'ही त्याच माळेतला मणी. त्यावरून त्यात पॉलिएस्टर नाही एवढं कळतं. सूत बरं आहे का, वीण घट्ट आहे का, रंग पक्का आहे का, यातलं काहीही कळत नाही.

राहिली किंमत. आपल्याकडे सगळे एक हिंदी म्हण तोंडावर फेकतात, सस्ता रोये बार बार, महंगा रोये एक बार. माझा सगळ्यात जास्त राग या म्हणीवर आहे. कारण तिचा दुसरा अर्धा भाग निदान टी-शर्टच्या बाबतीत तरी गृहीत धरता येत नाही. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाने रॅप या संस्थेबरोबर ४७ टी-शर्ट घेऊन ते पुन्हा पुन्हा धुतले, घासले, मोजले. २०२५ साली आलेला त्यांचा निष्कर्ष असा, की किंमत हा टिकाऊपणाचा भरवशाचा निकष नाही. काही स्वस्त टी-शर्ट महागांच्या पुढे निघाले. म्हणजे महंगावालाही बार बार रोता है, फक्त दर वेळी जास्त पैसे देऊन.

माझाही एक गावठी प्रयोग आहे. दोन वर्षांपूर्वी चार काळे टी-शर्ट चार ठिकाणांहून घेतले, आतल्या पट्टीवर पक्क्या मार्करने तारीख घातली आणि आळीपाळीने वापरले. रस्त्यावरच्या ढिगातून अडीचशेला घेतलेल्याची शिवण फिरून पोटावर आली. तेराशेच्या जाडजूड 'प्रीमियम'वाल्याला गोळे आले आणि गळ्याची झालर झाली. साडेचारशेचा एक मात्र अजून ऑफिसला चालतो. प्रत्येकी एकच नग, त्यामुळे याला पुरावा म्हणणार नाही. पण दुकानात चौघांना शेजारी ठेवून तुम्ही यातलं काय ओळखलं असतं, सांगा बघू!

आता कोणी म्हणेल, वर्षाने तरी नेमकं काय बघायचं? फार नाही, पाच गोष्टी.

एक, लांबी. टी-शर्टचं कापड स्वेटरसारखं टाक्यांचं विणलेलं असतं. रंगवताना आणि गुंडाळताना ते लांबीत ताणलं जातं आणि धुतल्यावर मूळ जागी परत येतं. म्हणून टी-शर्ट आखूड आणि रुंद होतो. नवा असताना खांद्यापासून खालपर्यंत मोजून ठेवा. ७० सेंटीमीटरचा ६६ झाला, तर कारखान्यात कोणीतरी घाई केली आहे.

दोन, बाजूची शिवण. सुताला पीळ दिलेला असतो. धुतल्यावर तो सुटायला बघतो आणि टाके एका बाजूला कलतात. मग काखेखालची शिवण फिरत फिरत पोटावर येते.

तीन, गळा. गळपट्टीची वीण सैल असेल किंवा तिच्यातलं लायक्रा मेलं असेल तर ती लाटा मारते.

चार, रंग. खालची दुमड उलटून बघा. आत ऊन लागलेलं नसतं, तिथे मूळ रंग शिल्लक असतो. आत आणि बाहेर किती फरक पडला ते समोरच दिसतं.

पाच, काख आणि पोट. टी-शर्ट उजेडाकडे धरा. कापड कुठे विरळ झालंय, गोळे कुठे आलेत ते लगेच कळतं.

ही उजेडाची परीक्षा मी काही शोधून काढलेली नाही. आमच्या लहानपणी दारावर बोहारीण यायची. जुने कपडे घ्यायची आणि स्टीलची भांडी द्यायची. आईने पुढे टाकलेला प्रत्येक कपडा ती दोन्ही हातांनी ताणायची, उजेडाकडे धरायची, काख बघायची, कॉलर उलटायची आणि म्हणायची, "वहिनी, यात काही जीव नाही राहिला." मग डब्यावरून घासाघीस वाटीवर यायची. विचार करा, पाच वर्षं वापरलेल्या कपड्याचा दर्जा ठरवून त्यावर स्वतःचा पैसा लावणारी ती बाई होती. लेबल तिच्यासाठी शून्य. आज ऑनलाइन दुकानात त्याच कपड्याला पाच तारे देणारे आपण कोण? तर पार्सल फोडून दहा मिनिटं झालेले लोक. "डिलिव्हरी लवकर आली, मटेरियल छान आहे." अरे, मटेरियल छान आहे हे तुला दहा मिनिटांत कळलं?

आणि हे सगळं फक्त आपल्यासारख्या पगारदारांचं रडगाणं नाही. मी राहतो कोरेगाव भीमाला. या गावाचं नाव देशाला माहीत आहे ते १८१८ ची लढाई आणि विजयस्तंभामुळे. मी मात्र इथे आहे कारण खराडीतलं घरभाडं मला झेपत नाही. आमच्या बाजूला सणसवाडी, पुढे शिक्रापूर, रांजणगावची एमआयडीसी. नगर रोडला शिफ्ट सुटते तेव्हा कंत्राटी कामगारांचे घोळके बाहेर पडतात, आणि त्यांच्या अंगात काय असतं? तोच साधा टी-शर्ट. ट्रकची धूळ, मशीनचं तेल, बोअरचं जड पाणी, दगडावरचा ब्रश आणि मे महिन्यातलं ऊन. माझा टी-शर्ट एसीत बसून मीटिंगा करतो, त्यांचा खरी कसोटी देतो.

माझा टी-शर्ट सहा महिन्यांत गेला तर मी कुरकुर करतो आणि दुसरा मागवतो. दोन-अडीचशेचा टी-शर्ट घेणाऱ्याचा गेला, तर त्याला तेच दोन-अडीचशे पुन्हा काढावे लागतात. वर्षातून तीनदा, चारदा. त्याला चांगलं ओळखता येत नाही असं नाही. ओळखायला लागणारी माहितीच त्याच्यापासून लांब ठेवलेली आहे. आणि वर आपण त्याला ती म्हण ऐकवणार, सस्ता रोये बार बार!

"माहिती असते कुठे?" असं विचारणाऱ्यांसाठी सांगतो. असते. देशातलं होजिअरीचं सगळ्यात मोठं केंद्र तमिळनाडूतलं तिरुपूर. तिथून परदेशी जाणाऱ्या मालाला खरेदीदार अटी लिहून देतो. आकसणं सहसा ५ टक्क्यांच्या आत, शिवण किती फिरली तर चालेल, रंग किती उतरला तर चालेल. त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकं आहेत: धुण्याची पद्धत आयएसओ ६३३०, रंगाच्या पक्केपणासाठी आयएसओ १०५, गोळ्यांसाठी आयएसओ १२९४५, ज्यात कापडाला १ ते ५ अशी श्रेणी मिळते. लॅबचा रिपोर्ट आल्याशिवाय बडा खरेदीदार माल उचलत नाही. म्हणजे लंडनच्या दुकानदाराला आकडे, आणि नगर रोडच्या गिऱ्हाइकाला 'सुपर प्रीमियम सॉफ्ट फील'. वा रे न्याय!

यावर ठरलेला आक्षेप येतो, की "टिकणं हे धुणाऱ्यावर अवलंबून असतं, कंपनी काय करणार?" अर्धं खरं आहे. जड पाण्यात साबणाबरोबर क्षार कापडात बसतात, कापड कडक आणि मळकट होतं. ब्रशने तंतू तुटतात. पण मग चाचणीही तशीच घ्या ना! गाडीचं मायलेजही चालवणाऱ्यावर अवलंबून असतं, म्हणून कंपनीने आकडा द्यायचा सोडलाय का? फ्रिज किती वेळा उघडतो यावर वीज ठरते, तरी २००६ पासून आपल्याकडे फ्रिज-एसीला ताऱ्यांचं लेबल आहेच. सगळ्यांना एकच ठरलेली कसोटी लावली की तुलना करता येते, एवढंच तर हवंय.

दुसरा आक्षेप, "भाव वाढतील." काही वाढतीलही. पण लीड्सच्या चाचणीचा अर्थच हा, की टिकाऊ म्हणजे महाग असं गणित नाही. आकडे छापले तर उलट साडेचारशेचा चांगला माल विकणाऱ्याला पहिल्यांदाच ते सिद्ध करता येईल. आज तो आणि थापा मारणारा, दोघांच्या पिशवीवर एकच शब्द आहे, प्रीमियम.

युरोपियन युनियनने २०२४ मध्ये वस्तूंच्या टिकाऊपणाबद्दल एक चौकट कायदा केला आणि कपडे त्याच्या अग्रक्रमाच्या यादीत आहेत. म्हणजे तिकडे विकायला जाणाऱ्या आपल्याच कारखान्यांना उद्या हे करावंच लागणार आहे. मग तेच लेबल इकडच्या मालावर लावायला कसली आडकाठी?

माझी मागणी एका ओळीची आहे. टी-शर्टच्या पिशवीवर एमआरपीच्या शेजारी चार आकडे छापा: पन्नास धुण्यांनंतर किती आकसला, शिवण किती फिरली, रंग कितपत राहिला, गोळ्यांची श्रेणी काय. यवतमाळ-वर्ध्याच्या कोरडवाहू शेतात पावसाची वाट बघत कोणीतरी तो कापूस पिकवलाय. त्याचं सहा महिन्यांत पोतेरं होणार असेल तर विकत घेण्याआधी तसं सांगा. (आणि मिश्र पॉलिएस्टरचा असेल तर धड पोतेरंही होत नाही, पाणीच टिपत नाही मेलं!)

ते छापलं जाईपर्यंत आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. नवा टी-शर्ट आला की मोजा आणि आतल्या पट्टीवर तारीख घाला. आणि पार्सल फोडून तारे वाटणं बंद करा. वर्षाने परत जा, पोटावर आलेल्या शिवणेचा फोटो टाका, किंवा टिकला असेल तर तसं मोकळ्या मनाने लिहा. बोहारणीने जे फुकटात शिकवलं ते आपण इंजिनिअर लोकांनी विसरावं, हे काही बरं दिसत नाही.